पाणी तपासायचं किट: पहाटे उठणार असाल तरच घ्या

पार्सल उघडलं तेव्हा एका ड्रॉपर बाटलीचं झाकण सैल होतं आणि माहितीपत्रकाचा कोपरा भिजून पुठ्ठ्याला चिकटला होता. नशीब, ती बाटली मँगनीज सल्फेटची होती. शेजारची आम्लाची सांडली असती तर हे सगळं मी हाताला मलम लावून लिहिलं असतं. फोन केल्यावर कंपनीने आठ दिवसांत नवी बाटली पाठवली, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र फॉस्फेटच्या चाचणीचा रंग कार्डावरच्या एकाही चौकोनाशी जुळत नाही असं सांगितलं, तेव्हा तिकडचा मुलगा म्हणाला, "मॅडम, मग तुमचं पाणीच खराब असेल." अरे बाळा, ते खराब आहे का हे कळावं म्हणूनच तर साडेचार हजार मोजले!

कंपनीचं नाव लिहीत नाही. अशी किटं तीन-चार जण विकतात आणि आतला माल साधारण सारखाच असतो. ज्या तळ्यावर ते वापरलं त्याचंही नाव लिहीत नाही. ठाण्यात तळ्यांना तोटा नाही. मासुंदा आहे, कचराळी आहे, उपवन, रायलादेवी, आणखीही पुष्कळ आहेत. त्यातलंच एक माझ्या फिरण्याच्या वाटेवर लागतं. घरगुती किटच्या आकड्यांवरून कुणी एखाद्या तळ्याची बदनामी करू नये, आणि कुणाची वकिलीही करू नये.

माझी ओळख एवढीच, की ठाण्यातल्या एका कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये मी ३१ वर्षं अटेंडंट होते. ब्युरेटी, म्हणजे मापाच्या काचनळ्या, धुवायच्या, द्रावणं करून ठेवायची आणि एंड पॉइंट, म्हणजे रंग पालटायचा नेमका थेंब, हुकवणाऱ्या पोरांना "थेंब थेंब सोड रे, नळ नाहीये तो" म्हणून ओरडायचं. किट घेतलं ते नातीसाठी. ती ऐरोलीला राहते, नववीत आहे, आणि शाळेने 'परिसरातील जलस्रोतांचे आरोग्य' असा प्रकल्प दिलाय. हल्ली प्रकल्प मुलांना देतात आणि करतात आजी-आजोबा.

पेटीत काय काय येतं ते सांगते. टीडीएसचं पेन. पीएचसाठी थेंब आणि रंगपट्टी. अमोनिया, नायट्रेट आणि फॉस्फेटच्या चाचण्या. गढूळपणा बघायची नळी. जंतूंसाठी काळ्या झाकणाच्या चार कुप्या. आणि विरघळलेल्या ऑक्सिजनचा, म्हणजे डीओचा, वेगळा कप्पा: काचेची बाटली, घट्ट बसणारं बूच, तीन रसायनं, स्टार्च आणि टायट्रेशनसाठी, म्हणजे द्रावण थेंब थेंब सोडून मोजायला, बारीक टोकाची सिरिंज. माहितीपत्रक इंग्रजीत आहे, अक्षर मुंगीएवढं आहे, आणि डीओच्या चौथ्या पायरीत आम्ल घालायच्या आधी स्टार्च घालायला सांगितलंय. ते चूक आहे. आधी आम्ल, मग सिरिंजमधलं थायोसल्फेट सोडत पिवळा रंग फिका होऊ द्यायचा, आणि त्यानंतर स्टार्च. ज्याने आयुष्यात ब्युरेट धरलेली नाही त्याला ही चूक कशी कळावी?

टीडीएसचं पेन आधी निकालात काढते, कारण जाहिरातीत सगळ्यात मोठा फोटो त्याचाच आहे. ते पाण्यात विरघळलेले क्षार विजेच्या वहनावरून मोजतं, बस. गटाराचं पाणी आणि नळाचं पाणी टीडीएसमध्ये जवळजवळ सारखं निघू शकतं. सांडपाण्यातली घाण, जंतू, ऑक्सिजन यातलं या पेनाला काही म्हणजे काही कळत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ पाण्याचे ए ते ई असे पाच वर्ग करतं, त्यातही विजेच्या वहनाची मर्यादा येते ती शेवटच्या ई वर्गात, म्हणजे शेतीच्या आणि कारखान्यात थंडाव्यासाठी वापरायच्या पाण्याला. आणि आमच्या तळ्यावर पाच जणांनी मला पेन हातात बघून विचारलं, "काय मावशी, किती आलं टीडीएस?"

खरा पैसा वसूल झाला तो डीओच्या कप्प्यात.

ही पद्धत विंक्लरची, १८८८ सालची. लॅबमध्ये ती मी इतक्यांदा मांडून ठेवलीय की झोपेतही सांगेन. बाटली पाण्याने अशी भरायची की आत बुडबुडा राहता कामा नये. मग मँगनीज सल्फेट आणि अल्कलीतलं आयोडाइड घालायचं. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर साका पांढराच राहतो. आम्ल घातलं की तपकिरी साका विरघळून पिवळं पाणी होतं, आणि त्या पिवळ्याचं टायट्रेशन केलं की ऑक्सिजनचा आकडा निघतो. तळ्यात दोरीला बादली बांधून पाणी उपसलंत तर उपसताना हवा मिसळते आणि आकडा फुगतो. किटमध्ये यावर काहीच उपाय दिलेला नाही. मी सलाइनची नळी लावून बाटलीच्या तळापासून पाणी सोडलं आणि बाटली दोन-तीनदा भरून वाहू दिली, मग बूच लावलं.

पहिल्या शनिवारी आम्ही दुपारी तीनला गेलो. नात लिहून घेत होती. आकडा आला ११. ३० अंश तापमानाला गोड्या पाण्यात हवेतून जेमतेम साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, म्हणजे हे पाणी ऑक्सिजनने ओसंडत होतं. पीएच नऊला टेकलेला. नात खूश. तिने तक्ता काढला: अंघोळीच्या बी वर्गाला लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम लागतो, वन्यजीव आणि मासेमारीच्या डी वर्गाला ४. "आजी, ऑक्सिजनमध्ये आपलं तळं ए वर्गात!" ए म्हणजे किमान ६, नुसतं निर्जंतुक करून पिण्याजोगं. आणि समोर पाणी वाटाण्याच्या आमटीसारखं हिरवंगार.

मी काही बोलले नाही. रविवारी तिला पहाटे पाचला उठवलं.

साका पांढरा बसला. अगदी खडूसारखा नाही, कडेला किंचित फिकट बदामी, पण ३१ वर्षांत मी तपकिरी साके किती बघितलेत! टायट्रेशनला पिवळेपणा इतका कमी की सिरिंज जेमतेम दोनदा दाबली. आकडा दीडच्याही खाली. पाण्याच्या कडेला लहान मासे तोंड वर काढून पृष्ठभागाशी हवा घेत होते. बाकावर बसलेले एक काका म्हणाले, गेल्या वर्षी मे महिन्यात याच वेळेला ढिगाने मासे मेले होते आणि सगळ्यांनी कुणीतरी विष टाकलं असं म्हटलं.

विष कशाला हवं? दिवसभर शेवाळ उन्हात ऑक्सिजन सोडतं आणि पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, म्हणून दुपारी डीओ आणि पीएच दोन्ही चढतात. रात्री तेच शेवाळ श्वास घेतं, तळाचा गाळही ऑक्सिजन खात राहतो, आणि उजाडायच्या आधी तिजोरीत खडखडाट. दुपारी जितकं भरभरून दिसतं तितकीच पहाटेची ओढाताण मोठी. आता सरकारी नमुना केव्हा घेतला जातो? कामाच्या वेळेत, साधारण महिन्यातून एकदा. त्याला कारणंही आहेत. गाडी निघणार, चार ठिकाणं करणार, जंतूंचे नमुने बर्फात घालून लॅबला पोचवणार. देशात अशी चार हजारांहून जास्त ठिकाणं आहेत, सगळीकडे पहाटे चारला माणूस कुठून आणायचा, हे मला समजतं. पण मग अहवालात दुपारचा डीओ चांगला आलाय म्हणून निश्चिंत होऊ नका. हिरव्या तळ्याच्या बाबतीत दुपारचा चांगला डीओ हीच आजाराची खूण आहे. आणि हो, आमच्या तळ्यातली कारंजी संध्याकाळी सहा ते नऊ चालतात, लोक फिरायला येतात तेव्हा. माशांना ती पहाटे तीनला लागतात.

किटमध्ये बीओडी नाही. पेटीवर मात्र 'संपूर्ण जल आरोग्य' असं छापलंय. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जंतू किती ऑक्सिजन खातात त्याचं माप. देशातले प्रदूषित नदीपट्टे याच एका आकड्यावरून ठरतात: ३ च्या वर गेलं की यादीत, ३० च्या वर गेलं की पहिल्या प्राधान्याचा पट्टा. २०२२ च्या यादीत देशभरात असे ३११ पट्टे होते, आणि त्यातले ५५ आपल्या महाराष्ट्रातले, सगळ्या राज्यांत जास्त. तर एवढी महत्त्वाची चाचणी पेटीत नाही, पण डीओच्या दोन बाटल्या असतील तर ती घरी करता येते. एकीचा डीओ आज काढायचा. दुसरी अंधारात ठेवायची आणि नंतर काढायचा. वजाबाकी म्हणजे बीओडी. इंग्रजांच्या पद्धतीत पाच दिवस २० अंशांना ठेवतात, आपल्याकडे तीन दिवस २७ अंशांना, आपल्या हवेला ते बरं. फेब्रुवारीत माझ्या बेडरूमच्या कपाटात तापमान २६-२७ असतं, त्यामुळे इन्क्युबेटर म्हणून साड्यांचा कप्पा वापरला. ह्यांनी विचारलं, "हे काय ठेवलंयस?" म्हटलं, तळं.

पहिल्या खेपेला चूक केली. पाणी तसंच भरलं, तीन दिवसांनी डीओ शून्य. म्हणजे घाण इतकी की बाटलीतला ऑक्सिजन मध्येच संपला, वजाबाकीला अर्थच उरला नाही. मग एक भाग तळ्याचं पाणी आणि चार भाग डिस्टिल्ड वॉटर केलं. डिस्टिल्ड वॉटर बॅटरीवाल्याकडून आणलं, नातीने माशांच्या टाकीचा पंप लावून त्यात हवा भरली. लॅबमध्ये त्यात फॉस्फेट बफर, मॅग्नेशियम सल्फेट, कॅल्शियम क्लोराइड आणि फेरिक क्लोराइड असे चार क्षार घालतात, ते आमच्याकडे नव्हते. तेव्हा वजाबाकीला पाचने गुणून आलेला १४ हा आकडा मी कुणाला दाखवणार नाही. पण १४ आणि ३ मधला फरक क्षार न घालताही कळतो.

प्रकल्पात नातीला शेवटी एकच गुण काढायचा होता, म्हणून तिने जल गुणवत्ता निर्देशांक मांडला. याची गंमत तिला माझ्या आधी कळली. मूळ अमेरिकन निर्देशांक १९७० चा, त्यात नऊ कसोट्या होत्या: फॉस्फेट, नायट्रेट, गढूळपणा सगळं धरून. आपल्याकडे त्यातल्या चारच ठेवल्या आणि वजनं नव्याने वाटली: डीओ ०.३१, विष्ठेतले जंतू ०.२८, पीएच ०.२२, बीओडी ०.१९. चारांची बेरीज, मग ६३ च्या वर चांगलं, ३८ च्या खाली वाईटाहून वाईट. नात म्हणाली, "आजी, पीएच तर जवळजवळ सगळ्यांचाच बरा असतो ना? म्हणजे त्याचे वीसएक गुण फुकटच की!" खरं आहे. म्हणजे पी.टी.च्या मार्कांवर गणितातला नापास वर आणण्यासारखं. युरोपात २००० सालापासून उलटा नियम आहे. मासे, तळाचे किडे, पाणवनस्पती, रसायनं यातल्या ज्या विषयात सगळ्यात कमी, तोच अंतिम निकाल. एक विषय गेला की वर्ष गेलं. त्या नियमाने २०२० मध्ये इंग्लंडने आपला निकाल लावला तेव्हा नद्या, तळी, खाड्या मिळून फक्त १६ टक्के पर्यावरणीय दृष्ट्या 'चांगल्या' निघाल्या आणि रासायनिक कसोटीत एकही पास झाली नाही. इतका कडक निकाल बरा की आपला सरासरीवाला, यावर नातीचं आणि तिच्या बाबांचं जेवताना भांडण झालं. जावई म्हणाले, सगळेच नापास तर सुधारायचा उत्साह कुणाला राहील? मुद्दा चुकीचा नाही. पण तळ्याचं मुख्य दुखणं फॉस्फेट, शेवाळ वाढतं त्याच्यावर, आणि नेमकं तेच चारात नाही. हे मला काही पटत नाही.

त्या दृष्टीने किटमधली फॉस्फेटची चाचणी ही मोलाची गोष्ट असायला हवी होती. रंगकार्डाची छपाई मात्र इतकी वाईट की निळ्याच्या तीन छटा एकसारख्याच. इथे एक तारा कापला.

जंतूंच्या कुप्यांबद्दल. पाणी भरून ठेवा, एक-दोन दिवसांत काळं झालं तर विष्ठेचे जंतू असण्याची शक्यता. ही युक्ती १९८२ मध्ये भारतीय संशोधकांनीच शोधली, विहिरीच्या नाहीतर टाकीच्या पिण्याच्या पाण्यासाठी. तिथे ती झकास. गावाकडे विहीर असेल तर चारही कुप्या तिकडे न्या. तळ्याचं पाणी मात्र काळं होणारच, त्यात काही नवं कळत नाही. सरकारी लॅब नळ्यांच्या ओळी लावून १०० मिलिलिटरमागे संभाव्य संख्या काढते, आणि अंघोळीच्या वर्गाला कोलिफॉर्म गटातले एकूण जंतू ५०० च्या आत लागतात. काळी कुपी ५०१ ला काळी आणि पाच लाखांनाही काळीच.

पुढच्या रविवारी पेटी घेऊन ऐरोलीला गेले. तिथे ठाणे खाडीवर टीडीएसच्या पेनाने नुसत्या रेघा दाखवल्या. त्याची धाव ९,९९० पर्यंत, समुद्राच्या पाण्यात लिटरमागे ३५,००० मिलिग्रॅम क्षार. मी मनापासून हसले. डीओची चाचणी खाऱ्या पाण्यातही नीट चालते, फक्त खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी मावतो हे लक्षात ठेवायचं. खाडीला गोड्या पाण्याचे ए-बी-सी-डी वर्ग लागत नाहीत. तिची वेगळी यादी आहे, एसडब्ल्यू एक ते पाच. मिठागरं, शिंपल्या आणि संवेदनशील जागा पहिल्यात, अंघोळ आणि व्यापारी मासेमारी दुसऱ्यात, बंदरं चौथ्यात. माहितीपत्रकात याचा उल्लेखही नाही. खाडीला तळ्याचाच तक्ता लावा असं समजून मुलं चुकीचा प्रकल्प लिहिणार.

आम्ही अकराच्या सुमाराला पोचलो, पाणी काठोकाठ. डीओ बरा आला. जेट्टीजवळ जाळं निवडत बसलेली एक कोळीण आमचा खटाटोप बघत होती. म्हणाली, "भरतीला काय बघतेस बाय? ओहोटीला ये, तवा कलंल." भरतीला समुद्राचं पाणी आत शिरतं, ओहोटीला ठाणे-बेलापूर या कारखान्यांच्या पट्ट्याचं आणि शहराचं बाहेर निघतं. एकाच दगडावर उभं राहून सहा तासांत दोन वेगळी पाणी. म्हणून खाडीच्या नमुन्यावर भरतीची वेळ लिहिली नसेल तर तो आकडा अर्धाच. आम्ही थांबलो. जावयांनी डबा आणून दिला. संध्याकाळी पाचला डीओ निम्म्यावर आला होता आणि अमोनियाची पट्टी गडद. कोळणीला विचारलं, तुम्हाला कसं कळतं? तिने चिखलाकडे बोट केलं. निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, उड्या मारत होत्या. "त्या हायेत तोवर चिखल जिता." तिथून थोड्या अंतरावर फ्लेमिंगोंचा थवा होता. लोकांना वाटतं, फ्लेमिंगो आले म्हणजे खाडी ठणठणीत. २०२२ पासून ही खाडी जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे, अभिमानाचीच गोष्ट. पण लहान फ्लेमिंगोचं मुख्य खाणं सूक्ष्म शेवाळ, आणि शेवाळ सांडपाण्याच्या खतावर छान पोसतं. त्यामुळे गुलाबी थवा पाहून पाण्याचा निकाल लावू नये.

किटमध्ये नसलेली आणि सगळ्यात स्वस्त गोष्ट आम्ही घरी केली. स्टीलची २० सेंटीमीटरची ताटली, तिला एकाआड एक काळे-पांढरे चार भाग रंगवले, मध्ये भोक पाडून दोरी, दोरीला दर दहा सेंटीमीटरवर गाठ. पायडल बोटीतून सोडायची आणि दिसेनाशी झाली की गाठी मोजायच्या. सेकी नावाच्या इटालियन पाद्र्याने १८६५ मध्ये अशी पांढरी तबकडी समुद्रात सोडली होती. १९७७ मध्ये कार्लसन नावाच्या शास्त्रज्ञाने त्यावरून तळ्याच्या शेवाळाचा निर्देशांक बसवला: ताटली एक मीटरवर दिसेनाशी झाली तर ६०, आणि खोली अर्धी झाली की दर खेपेला दहाने वाढ. ५० च्या वर तळं अतिपोषित, ७० च्या वर फारच. आमची ताटली चौथ्या गाठीला गेली, म्हणजे ७३. पावसाळ्यात हे करू नका, तेव्हा शेवाळाऐवजी माती मोजाल. बोटवाल्याने अर्ध्या तासाचे पैसे घेतले नाहीत, पण ताटली विकायची का म्हणून विचारलं.

तर तारे: पाचातले तीन. डीओच्या कप्प्याला पाच, रंगकार्डाला एक, टीडीएसच्या पेनाला शून्य. आम्लाची बाटली आणि अझाइड हे विषारी रसायन असलेलं आयोडाइड लहान मुलांच्या हाती एकट्याने देऊ नका, आणि वापरलेलं पाणी तळ्यात परत ओतू नका. माझ्या डोळ्यांदेखत एका बाबाने तेच केलं. नुसती डीओची रिफिल ११०० रुपयांना मिळते, ती मी परत मागवलीय, कारण नातीला आता मे महिन्यात सलग सात पहाटा मोजायच्या आहेत. टीडीएसचं पेन वरच्या मजल्यावरच्या वहिनींना दिलं. त्यांचा आरओवाला दर वेळी वेगळा आकडा सांगतो.